हरिण म्हणजे घोडा, कापूस म्हणजे मेंढी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडईत आपण टोमॅटो मागतो तेव्हा आपल्या तोंडी एक नाहुआत्ल शब्द असतो. नाहुआत्ल ही मध्य मेक्सिकोतली भाषा. शाळेच्या पुस्तकात ज्यांची 'अ‍ॅझटेक' म्हणून ओळख होते, ते लोक स्वतःला मेशिका म्हणवत आणि हीच भाषा बोलत. मूळ शब्द 'तोमात्ल'. शेवटचा 'त्ल' हा तिथल्या पुष्कळ नामांना लागणारा प्रत्यय आहे, म्हणून पुढे येणारे बरेच शब्द असेच जिभेला अडखळायला लावतील. गंमत अशी की तोमात्ल म्हणजे आपला लाल टोमॅटो नव्हेच. पातळ पापुद्र्याच्या वेष्टनात वाढणारे हिरवे, आंबटसर फळ म्हणजे तोमात्ल. लाल आणि रसाळ फळाचे नाव 'शितोमात्ल'. स्पॅनिश लोकांनी 'तोमाते' हे एकच नाव उचलले आणि ते जगभर पसरले. मध्य मेक्सिकोच्या बाजारात आजही 'तोमाते' मागितला तर हिरवा मिळतो. लाल हवा असेल तर 'हितोमाते' म्हणावे लागते. म्हणजे भलत्याच फळाचे नाव घेऊन आपण इतकी वर्षे हवे ते फळ घरी आणतो आहोत.

त्याच वाटेने आणखीही शब्द आपल्याकडे आले. आवोकाडो म्हणजे 'आवाकात्ल'. चिली सॉसमधली चिली म्हणजे 'चिल्ली'. चिकूच्या नावामागे मेक्सिकोतले 'चिकोसापोते' आहे आणि त्यातले 'सापोते' म्हणजे 'त्सापोत्ल', गोड मऊ फळ. चॉकलेटही तिकडचेच, मात्र त्याचा मूळ शब्द नेमका कोणता यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. ही यादी लांबवता येते आणि पुरवण्यांतून ती अधूनमधून छापूनही येते. मला आज बोलायचे आहे ते घरीच राहिलेल्या शब्दांविषयी. साडेचारशे वर्षांपूर्वीचा नाहुआत्लमधला एखादा कागद हाती आला आणि शेजारी त्याच काळातला कोश उघडून ठेवला, तर अर्थ लागतो का? लागतो. पण तो कोश लिहिणाऱ्याने लावलेला अर्थ असतो. कागद लिहिणाऱ्याच्या मनात तोच होता की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

मी मूळचा मोडी कागद वाचणारा माणूस. नाहुआत्लच्या वाटेला गेलो तो इंग्रजी भाषांतरे आणि कोश यांचे बोट धरूनच. पण जुन्या कागदांत शब्द कसे चकवतात याची सवय असल्यामुळे तिथे फारसे परके वाटले नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान ही राजधानी एर्नान कोर्तेस आणि त्याच्या स्थानिक मित्रसैन्यांच्या हाती पडली. आजचे मेक्सिको सिटी त्याच जागेवर उभे आहे. त्याआधी नाहुआ लोकांकडे चित्रलिपीतली पुस्तके होती. झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर ती रंगवत. विजेत्यांपाठोपाठ पाद्री आले, त्यांनी रोमन लिपी शिकवली आणि एखाद-दुसऱ्या पिढीतच नाहुआ कारकून आपल्या भाषेत मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते, गावसभेची इतिवृत्ते, राजाला करायचे अर्ज असे सगळे लिहू लागले. रंगवणे आणि लिहिणे या दोन्हींना त्यांच्याकडे एकच क्रियापद होते. त्यामुळे चित्रे रंगवणारा 'त्लाक्विलो' नाव न बदलता कारकून झाला! १५७० मध्ये तर स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने तिथल्या मूळ रहिवाशांसाठी नाहुआत्ल हीच अधिकृत भाषा ठरवली.

या लेखनाचा अर्थ लावताना दोन माणसांना वळसा घालून जाता येत नाही. पहिला आलोन्सो दे मोलिना. लहानपणीच तो स्पेनहून मेक्सिकोत आला आणि नाहुआ मुलांबरोबर खेळता खेळता त्यांची भाषा शिकला. पाद्र्यांना असा दुभाषा हवाच होता. पुढे तो स्वतः फ्रान्सिस्कन पाद्री झाला. त्याचा स्पॅनिश-नाहुआत्ल कोश १५५५ मध्ये छापला गेला आणि दोन्ही बाजूंनी शब्द देणारी मोठी आवृत्ती १५७१ मध्ये आली. आजही जुना कागद वाचणारा प्रत्येक जण प्रथम तिच्याकडे धाव घेतो. ही आपली मातृभाषा नव्हे, हे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे.

दुसरा बेर्नार्दिनो दे साआगुन. हा १५२९ मध्ये आला आणि १५९० मध्ये तिथेच वारला. त्लातेलोल्को इथे १५३६ मध्ये निघालेल्या विद्यालयात लॅटिन शिकलेले आन्तोनियो वालेरियानोसारखे नाहुआ तरुण त्याने हाताशी धरले. गावोगावच्या वृद्धांना देव, सण, औषधे, धंदे, प्राणी, युद्ध यांविषयी विचारायचे आणि उत्तरे त्यांच्याच भाषेत उतरवून घ्यायची, असा हा उद्योग अनेक वर्षे चालला. त्यातून १५७७ च्या सुमारास बारा भागांचा ग्रंथ सिद्ध झाला. पानावर एका रकान्यात नाहुआत्ल, दुसऱ्यात स्पॅनिश आणि मधून मधून मिळून सुमारे अडीच हजार चित्रे. तो इटलीत फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे, म्हणून त्याला फ्लॉरेन्टाइन कोडेक्स म्हणतात. साआगुनचा हेतू मात्र लपलेला नव्हता. रोग ओळखल्याशिवाय वैद्याला औषध देता येत नाही, तसेच जुना धर्म ओळखल्याशिवाय तो उखडता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ज्या भाषेचा इतका उत्तम अभ्यास झाला, त्या अभ्यासाचे कारण हे होते. हे सतत लक्षात ठेवूनच ती पाने उलटावी लागतात.

आता शब्दांकडे येऊ. जेम्स लॉकहार्ट आणि फ्रान्सेस कार्टुनेन या दोन अभ्यासकांनी जुने कागद बारकाईने वाचून या भाषेचे स्पॅनिश आल्यानंतरचे तीन टप्पे दाखवले. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत नाहुआ लोकांनी विशेषनामे सोडली तर स्पॅनिश शब्द जवळजवळ घेतलेच नाहीत. नवी वस्तू दिसली की जुन्या शब्दावर भागवायचे. घोडा कधी पाहिला नव्हता, म्हणून त्याला 'मासात्ल' म्हटले, म्हणजे हरिण. घराच्या छपराएवढ्या उंच हरणांवर बसून परके लोक येत आहेत, असा निरोप मोतेकुसोमा राजाला दिल्याचे साआगुनच्या बाराव्या भागात आहे. तांब्याचा शब्द 'तेपोस्त्ली'. तोच लोखंडाला दिला. आपल्या संस्कृत 'लोह' शब्दाचा प्रवासही तांबूस धातूपासून लोखंडापर्यंत असाच झाला आहे. शंखाच्या शिंगासारखे वाद्य म्हणजे 'किकिस्त्ली', त्याला अग्नीचा 'त्ले' जोडून बंदुकीला 'त्लेकिकिस्त्ली' म्हटले. ज्या मराठी माणसाने आगगाडी आणि आगबोट हे शब्द केले, त्याला ही रीत समजावून सांगायला नको. कोंबडी कॅस्टिलच्या लोकांबरोबर आली, म्हणून तिचे नावच 'काश्टिल' पडले.

मला सर्वांत आवडतो तो मेंढीचा शब्द. मेंढी पाहिल्यावर नाहुआंना प्रथम काय दिसले? लोकर. आणि लोकरीसारखे त्यांना ठाऊक काय होते? कापूस. म्हणून मेंढी झाली 'इच्कात्ल', म्हणजे कापूस. याच्या नेमके उलट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भारताच्या बाबतीत घडले होते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने भारतात झाडांना लोकर येते असे लिहून ठेवले आहे. त्याला मेंढी ठाऊक होती, कापूस नव्हता.

मिरचीची गोष्टही याच जातीची. मेक्सिकोतली चिल्ली पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा आपण तिचे मूळ नाव घेतले नाही. तिखटपणा पाहिला आणि मिऱ्याच्या, म्हणजे संस्कृत 'मरीच'च्या नावावरून तिला मिरची करून टाकले. एखाद्याने चौदाव्या शतकातल्या ग्रंथात 'मरीच' वाचून हिरवी मिरची समजली तर त्या काळच्या स्वयंपाकाचे चित्रच बिघडेल. नाहुआत्ल कागदांत ही भीती पावलोपावली आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर दुसरा टप्पा येतो आणि स्पॅनिश नामे भराभर भाषेत शिरतात. घोड्याला 'कावायो' हा स्पॅनिश शब्द मिळतो आणि हरिण पुन्हा रानात जाते. पण इच्कात्ल परतला नाही. मेंढीवर तो चिकटला तो चिकटलाच. त्यामुळे एखाद्या मृत्युपत्रात इच्कात्ल मुलांना वाटून दिल्याचे असेल, तर बापाने कापूस वाटला की कळप, हे मागचा-पुढचा मजकूर आणि कागदाची तारीख पाहून ठरवावे लागते. तिसऱ्या टप्प्यात, सतराव्या शतकाच्या मध्यापासून, क्रियापदे आणि अव्ययेसुद्धा स्पॅनिशमधून येऊ लागली. तो निराळा विषय आहे.

वस्तूंच्या शब्दांत फसगत झाली तर हिशेब चुकतो. देवाधर्माच्या शब्दांत झाली तर इतिहासच चुकतो. 'तेओत्ल' हा शब्द घ्या. मोलिनाच्या कोशापासून त्याचा अर्थ 'देव' असा दिला जातो आणि तो चूक नाही. पण त्याचा 'तेओ' जोडशब्दात आला की अर्थ पसरतो. 'तेओआत्ल' म्हणजे शब्दशः देवपाणी, प्रत्यक्षात समुद्र. तिथे 'तेओ'चा भाव अफाट, अचाट असा आहे, आणि हे साआगुनच्या ग्रंथातच स्पष्ट केलेले आहे. सोन्याला 'तेओक्वित्लात्ल' म्हणत, त्याचा सरळ अर्थ देवाची विष्ठा. पिवळी ती सोने, पांढरी ती चांदी! मराठी न येणारा कोणी कोश घेऊन बसला, तर 'देवमासा' हा पूजेतला मासा आहे असे समजेल आणि 'पोराला देवी आल्या' या वाक्यावर साक्षात्काराचे प्रकरण लिहील. (१५२० मध्ये याच देवीच्या रोगाने तेनोच्तित्लानमध्ये हाहाकार उडाला. नाहुआंनी मात्र त्याला साधे नाव दिले : 'वेइ सावात्ल', मोठे पुरळ.)

आता हे मनात ठेवून एक प्रसिद्ध गोष्ट आठवा. मेशिकांनी स्पॅनिश लोकांना देव मानले, म्हणून ते हरले, असे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. या गोष्टीचा एक मोठा आधार म्हणजे साआगुनच्या बाराव्या भागात परक्यांसाठी आलेला हा 'तेओत्ल' शब्द. पण तो मजकूर लढाईनंतर काही दशकांनी लिहिला गेला आणि लिहिणारे पाद्र्यांच्या विद्यालयात शिकलेले होते. जुन्या वापरात उत्सवात देवाचा वेष घेतलेल्या माणसालाही त्या देवाच्याच नावाने ओळखत. म्हणजे नाहुआ माणूस तेओत्ल म्हणाला तेव्हा त्याच्या मनात नेमके काय होते, हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही. कॅमिला टाउनसेंड या इतिहासकार बाईंनी २००३ मध्ये हा सगळा पुरावा पुन्हा तपासून देव मानल्याची कथा मागाहून रचली गेली असे मांडले. मला त्यांचे म्हणणे पटते. पोलादी शस्त्रे, मित्रसैन्ये आणि देवीची साथ एवढी कारणे समोर असताना एका अख्ख्या समाजाला भोळसट ठरवणे जेत्यांना सोयीचे होते.

पाद्र्यांनी स्वतः निवडलेल्या शब्दांचे काय झाले, ते तर आणखी गुंतागुंतीचे आहे. प्रवचनात 'पाप' म्हणायचे तर शब्द हवा. त्यांनी 'त्लात्लाकोल्ली' घेतला. तो ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ बिघडवणे, नासवणे. नासलेली, मोडलेली, विस्कटलेली कोणतीही गोष्ट त्यात बसे. ज्या समाजात जगाची नीट बसलेली घडी विस्कटू नये ही मोठी चिंता होती, तिथला हा शब्द. मोलिनाने १५६५ मध्ये पापनिवेदनासाठी दोन भाषांतली पुस्तिका छापली, तिच्यात हाच शब्द आहे. पाद्री विचारतो, तू देवाविरुद्ध कोणता अपराध केलास? समोरचा ऐकतो, तुझ्या हातून काय बिघडले? लुईझ बर्कहार्ट यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की भाषांतर करताना नाहुआ जसे ख्रिस्ती झाले, तसा ख्रिस्ती धर्मही नाहुआ झाला. सैतानासाठी शब्द निवडला 'त्लाकातेकोलोत्ल'. त्याचा मूळ अर्थ माणूस-घुबड, म्हणजे रात्री रूप पालटून लोकांचे वाईट करणारा चेटक्या. मग पाद्री जुन्या सगळ्या देवांनाच त्लाकातेकोलोत्ल म्हणू लागले. आज कोशात त्या शब्दापुढे 'सैतान' वाचताना ही मधली उलथापालथ दिसत नाही. आपल्या गोव्यात थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापले, तेव्हा स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' वापरला. अडचण तीच होती.

साआगुनला हे कळत नव्हते असे नाही. ग्वादालुपे इथल्या मरियेच्या देवळाला लोक 'तोनान्त्सिन' म्हणत, म्हणजे आमची माउली. 'त्सिन' हा आदराचा आणि मायेचा प्रत्यय. त्या जागी पूर्वी याच नावाच्या देवीचे ठाणे होते. देवाच्या आईला 'दिओस इनान्त्सिन', देवाची माता, असे म्हणायला हवे, तोनान्त्सिन म्हणणे हा जुन्या देवीला झाकण्याचा डाव आहे, अशी तक्रार त्याने १५७६ मध्ये लिहून ठेवली. लोकांनी ऐकले नाही. आईला आईच म्हणायचे, तिला दुसऱ्या कोणाच्या नात्याने का ओळखायचे?

कोशावर विसंबून चालत नाही याचे आणखी एक कारण म्हणजे जोड्या. नाहुआत्लमध्ये दोन शब्द शेजारी ठेवून तिसरा अर्थ काढण्याची फार आवड. मेक्सिकोचे विद्वान आन्हेल मारिया गारिबाय यांनी या जोड्यांना शास्त्रीय नाव दिले आणि तेव्हापासून त्यांचा अभ्यास वाढला. 'फूल, गाणे' म्हणजे काव्य. 'काळी शाई, तांबडी शाई' म्हणजे लेखन आणि त्यातून येणारे ज्ञान. 'बाण, ढाल' म्हणजे युद्ध. 'शेपूट, पंख' म्हणजे सामान्य रयत. 'पेटीत, पेटाऱ्यात' म्हणजे गुपित. 'चटई, आसन' म्हणजे राज्य. आपण गादी म्हणतो तसे. 'पाणी, डोंगर' यांचा तर 'आल्तेपेत्ल' हा एकच शब्द होऊन गेला आणि त्याचा अर्थ गाव, नगर, छोटे राज्य. गावाला जगायला पाणी हवे आणि पाठीशी डोंगर हवा, हे सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसाला पटकन उमजेल. बाईसाठी जोडी होती 'क्वेइत्ल, विपिल्ली', म्हणजे परकर आणि पोलके. आपल्याकडे 'लेकीची साडीचोळी केली' यात कापडापेक्षा पुष्कळ अधिक काही असते, तसेच. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणाऱ्याला अशा ठिकाणी नुसते कपडे हाती लागतात. साआगुनने सहाव्या भागात म्हणी, कोडी आणि अशा अलंकारिक जोड्या अर्थासह नोंदवून ठेवल्या, हे त्याचे उपकार.

राहता राहिले लेखन. स्पॅनिश कानांना नाहुआत्लमधले ऱ्हस्व-दीर्घ स्वर आणि शब्दाच्या मधोमध घशात येणारा छोटा अटकाव फारसा जाणवत नसे. त्यामुळे बहुतेक कागदांत तो लिहिलेलाच नाही. आमच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद पाळत नाहीत, 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच दिसतात, तोच प्रकार. पण तिथे परिणाम मोठा होतो. 'त्लातिआ' या क्रियापदात पहिला स्वर ऱ्हस्व असेल तर अर्थ जाळणे, दीर्घ असेल तर लपवणे. आता समजा, कागदात आहे की गावच्या वडीलधाऱ्यांनी जुनी पुस्तके 'त्लातिआ' केली. जाळली की लपवली? 'तोका'चेही तसेच, ऱ्हस्व असेल तर मागे जाणे, दीर्घ असेल तर पुरणे किंवा पेरणे. ओरासिओ कारोची या जेझुइट पाद्र्याने १६४५ मध्ये छापलेल्या व्याकरणात स्वरांवर खुणा देऊन हे भेद प्रथमच पद्धतशीर दाखवले. आजच्या अभ्यासकांचा बराच भरवसा त्याच्यावर आहे. १९८३ मध्ये कार्टुनेन यांनी केलेल्या कोशात प्रत्येक शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिले, त्यात कारोची आणि आज ही भाषा बोलणाऱ्या गावांतले उच्चार असे दोन्ही वापरले आहेत.

आज बोलणारी गावे, हा शब्दप्रयोग मुद्दाम केला. १७७० मध्ये तिसऱ्या कार्लोस राजाने स्पॅनिश सक्तीचा मार्ग धरला आणि नाहुआत्लमधले सरकारी लेखन ओसरत गेले. भाषा मात्र घरांतून आणि शेतांतून चालू राहिली. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे साडेसोळा लाख लोक नोंदले गेले. त्यांतल्या पुष्कळांना वर्षानुवर्षे सांगितले गेले की खरी नाहुआत्ल ती जुन्या पोथ्यांतली, तुम्ही बोलता ती मोडकीतोडकी. २०१६ मध्ये व्हेराक्रुस राज्यातल्या हुआस्तेका भागातल्या भाषकांनी साकातेकास इथल्या एका संशोधन संस्थेत बसून तयार केलेला कोश प्रसिद्ध झाला. त्यात नाहुआत्ल शब्दाचा अर्थ नाहुआत्लमध्येच दिला आहे, स्पॅनिशचा आधार न घेता. मोलिनाच्या मोठ्या कोशानंतर ४४५ वर्षांनी. त्यांच्या बोलीत घोड्याला 'कावायो' म्हणतात आणि मासात्ल म्हणजे हरिण.